कुंडीतल्या बागेचं वर्ष: पाणी कधी आखडायचं, कात्री कधी लावायची

प्रश्न असा आहे: पुण्यात दक्षिणेकडची गॅलरी आणि वर थोडी गच्ची. कुंड्यांत मोगरा, जास्वंद, शेवंती, गुलाब, तुळस, कढीपत्ता. नर्सरीतून आणताना रोपं टवटवीत असतात, दोन-तीन महिन्यांत पानं पिवळी पडतात, मोगरा नुसता वाढतो पण फुलत नाही, तुळस दर हिवाळ्यात जाते. रोज पाणी, महिन्याला खत, सगळं वेळेवर चालू आहे. मग चुकतंय कुठे?

चुकतंय ते याच ‘रोज’ आणि ‘महिन्याला’मध्ये. आपल्याकडे मे महिन्यात बारा इंची कुंडी संध्याकाळपर्यंत कोरडी ठाक होते आणि डिसेंबरात तीच कुंडी चार दिवस ओली राहते. झाडाची भूक-तहान ऋतूबरोबर बदलते, आपला तांब्या मात्र बदलत नाही. त्यामुळे एकेका झाडाचा आजार शोधण्याआधी वर्ष कसं फिरतं ते बघू. पुढचं सगळं पुणे आणि आसपासच्या घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या हवेला धरून आहे. मुंबई-कोकणात दमटपणा जास्त, थंडी कमी आणि माती आम्लधर्मी, त्यामुळे तिथे काही गोष्टी उलट्या होतात.

आधी ऊन. दक्षिणेची गॅलरी म्हणजे भरपूर ऊन हा समज अर्ध्याच वर्षापुरता खरा आहे. २१ डिसेंबरला पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर, दक्षिणेला असतो. म्हणजे वरच्या मजल्याचा स्लॅब नऊ फुटांवर असेल तर ऊन गॅलरीत आठ फूट आतपर्यंत येतं. एप्रिलच्या मध्यावर हाच सूर्य ८० अंशांच्या वर जातो आणि स्लॅबच्या आड लपतो. मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. त्यामुळे ऐन मोगऱ्याच्या मोसमात, एप्रिल-मेमध्ये, दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन जवळजवळ नसतं, आणि ज्या उत्तरेच्या गॅलरीला आपण नावं ठेवतो तिथे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. फुलझाडं दक्षिण गॅलरीत ठेवायची असतील तर हिवाळी फुलं ठेवा: शेवंती, झेंडू, पिटुनिया. मोगरा, जास्वंद, गुलाब गच्चीवर न्या.

गच्चीवरही एक गंमत आहे. दक्षिणेच्या कठड्याला लागून कुंड्या ओळीने लावल्या तर हिवाळ्यात त्या दिवसभर कठड्याच्या सावलीत बसतात. साडेतीन फुटी कठड्याची सावली डिसेंबरात दुपारी बारा वाजता तीन फुटांपेक्षा जास्त पडते, सकाळ-संध्याकाळी आणखी लांब. दिवाळीनंतर त्या कुंड्या चार फूट आत ओढा किंवा विटांच्या दोन थरांवर उचला. एवढ्यानेच गुलाबाच्या कळ्या वाढलेल्या दिसतील.

आता पाणी. वरची माती कोरडी दिसली म्हणून पाणी घालणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. मातीत बोट दोन पेरं घाला. आत गार आणि ओलसर लागलं तर आज पाणी नको. मोठ्या कुंडीत आईस्क्रीमची काडी किंवा झाडूची जाड काडी चार इंच खुपसून दहा मिनिटांनी काढा, काडीला माती चिकटली आणि काडी गडद झाली तर उद्या बघा. द्यायचं तेव्हा मात्र खालच्या भोकातून थेंब पडेपर्यंत द्या. बारा इंची कुंडीला मेमध्ये रोज दोन-अडीच लिटर लागतं, कडक ऊन असेल तर दोन वेळा विभागून. डिसेंबरात तीन-चार दिवसांतून एक-दीड लिटर पुरतं. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत, खरं उत्तर काडीच देते.

एक फसवणूक ओळखून ठेवा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेली माती एकदा पूर्ण वाळली की आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते. वरून पाणी घातलं की ते कडेच्या फटीतून सरळ खाली वाहतं, ताटलीत पाणी दिसतं, आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यायलं. आणि मधला गोळा कोरडाच. अशी कुंडी उचलून बघा, पाणी घालूनही हलकी लागते. ती पाण्याच्या टबात अर्धा तास बसवा, बुडबुडे थांबले की काढा, मग कडेच्या फटीत माती भरा.

तुळशीचं कोडं इथेच सुटतं. सकाळी आंघोळ झाली की तांब्याभर पाणी, हळद-कुंकू, कधी दिव्याचं तेल. मार्च ते मे हे चालून जातं. डिसेंबरात तापमान दहा-बारा अंशांवर आलं की तुळशीची वाढ थांबते, पानं लहान आणि जांभळट होतात, मुळं पाणी उचलत नाहीत, आणि वृंदावनातल्या अरुंद जागेत रोजचा तांब्या साचत जातो. मुळं कुजतात, झाड खालून वर वाळत जातं. आपण म्हणतो थंडीने गेली. थंडी निमित्त, मारलं पाण्याने. पूजेचं पाणी पळीभर घाला आणि उरलेला तांब्या जास्वंदीला द्या. हळद-कुंकू कुंडीच्या कडेला वाहा. दुसरं कारण मंजिऱ्या. तुळस बी धरू लागली की तिच्या लेखी काम संपलेलं असतं. मंजिरी हिरवी असतानाच, खालच्या दोन पानांसकट खुडा. एका फांदीवरची मंजिरी पिकू द्या, तिचं बी मृगाच्या आधी शेजारच्या कुंडीत भुरभुरा. मातीने झाकू नका, नुसतं दाबा. तुळस तशी दोन-तीन वर्षांचीच पाहुणी, तिच्या जागी पोर तयार असलेली बरी.

बागेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, हस्त संपल्यावर होतं. ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या पुढे पाऊस मागे सरतो, दुपारी चटका असतो पण रात्री गार व्हायला लागलेल्या असतात. माती बदलणं, मोठ्या कुंडीत झाड हलवणं, भाज्या पेरणं, गुलाब छाटणं, सगळ्याला हा पंधरवडा उत्तम. मातीचं मिश्रण वजनी नको, मापी करा: चार घमेली पोयटा किंवा लाल माती, तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन घमेली भिजवून पिळलेलं कोकोपीट, एक घमेलं जाड वाळू. वर बारा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. गच्चीवर नुसती काळी माती भरू नका. ओली झाली की प्रचंड जड, वाळली की तडे, आणि निचरा शून्य. तळाला विटांचे तुकडे भरण्याचीही गरज नाही. भोकावर एक खापरी उपडी ठेवली की झालं. खडीचा थर निचरा वाढवत नाही, मुळांची जागा मात्र खातो.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर. आधी आठवडाभर पाणी थोडं कमी करा. वाळक्या, पेन्सिलीहून बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, उरलेल्या निम्म्यावर आणा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या फुगीर ठिपक्याच्या) पाव इंच वर, तिरका. आत तोंड असलेल्या डोळ्यावर कापलं तर फांद्या मध्ये गर्दी करतात आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते. कापल्यावर आतला गर पांढरा-हिरवट दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली जा, कारण ती शेंडामर आहे आणि ती खाली उतरत राहते. कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. ४५ ते ५० दिवसांत फूल येतं. कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा दिसला तर मुळापासून ओढून काढा, तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या झाडाचा, रानगुलाब असतो. ‘सात पानं म्हणजे रानटी, पाच म्हणजे चांगली’ हा नियम ऐकला असेल. त्यावर विसंबून चांगल्या फांद्या कापू नका. चांगल्या जातींनाही सात पानं येतात. फुटवा निघतो कुठून, तेवढंच बघा.

पालेभाज्यांसाठी सहा इंच खोल क्रेट पुरतो. कोथिंबिरीचे धने चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. उगवायला आठ-बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी कंटाळून माती उकरणाऱ्यांची कोथिंबीर कधीच येत नाही. काढणी चाळीसेक दिवसांनी. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि महिन्याच्या आत ताटात. फेब्रुवारीनंतर पेरलेली कोथिंबीर दांडा करून फुलावर जाते. ती उन्हाची चूक, तुमची नव्हे. टोमॅटोची रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच लावा. मार्चअखेर दिवस ३५ अंशांच्या वर जायला लागले की फुलं येतात आणि गळतात, फळ धरत नाही. त्याला बाजारातली ‘फूलगळ थांबवणारी’ बाटली आणू नका.

शेवंतीचं गणित दिवसाच्या लांबीवर चालतं. रात्र मोठी झाली की तिला कळ्या येतात, म्हणून ती नोव्हेंबर-डिसेंबरात फुलते. गॅलरीत रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट जळत असेल, किंवा सोसायटीचा दिवा थेट कुंडीवर पडत असेल, तर झाड हिरवंगार राहतं आणि कळी धरत नाही. ‘खत कमी पडलं’ म्हणून खत घालणारे बरेच असतात, हवा असतो अंधार. फुलं संपली की झाड जमिनीपासून तीन-चार इंचांवर कापा. बुडातून फुटवे येतात, ते उन्हाळाभर अर्ध्या सावलीत नुसते जगवायचे. जूनमध्ये सुटे करून लावा, जुलैअखेर आणि ऑगस्टअखेर शेंडे खुडा. गणपतीनंतर नखसुद्धा लावू नका, नाहीतर खुडाल त्या कळ्याच.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं आणि लोक भरफुलातले पिटुनिया, डायंथस हातात घेऊन घरी येतात. हौस म्हणून जरूर आणा. पण ती हंगामी रोपं आहेत, एप्रिलच्या उन्हात जाणार म्हणजे जाणारच. त्यांना वाचवायला नेट, औषध, खत यांवर खर्च करू नका. त्याच पैशांत अबोलीची दोन रोपं येतात, ती अर्ध्या उन्हातही वर्षातले बरेच महिने फुलतात आणि कोणाचे लाड मागत नाहीत. अबोली नर्सरीत कोपऱ्यात पडलेली असते, कारण ती तिथे दिसायला दरिद्री दिसते. घेण्यासारखं झाड बहुधा त्याच कोपऱ्यात असतं.

कढीपत्ता थंडीत पिवळा पडून पानं गाळतो. हे दुखणं नाही, झोप आहे. त्या वेळी पाणी आणि खत वाढवलं तर मात्र खरंच दुखणं होतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात शेंडे कापा, मूठभर शेणखत द्या, मार्चमध्ये कोवळी पालवी फुटते. फळांचे घोस वेळीच काढले तर पालवी जोमाने येते. आंबट ताक महिन्यातून एकदा, दहापट पाणी घालून द्यायला हरकत नाही, पण ते औषध नव्हे. दाट ताक ओतलं तर वास, बुरशी आणि मुंग्या, एवढंच पदरात पडतं.

आता मोगरा. हा खरा प्रश्नाचा गाभा, म्हणून सावकाश बघू.

मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला. जुन्या काडीवर येत नाही. न छाटलेला मोगरा वर्षानुवर्षं त्याच काड्या लांबवत बसतो, आणि नायट्रोजन जास्त मिळाला तर वेलीसारखे सडपातळ, दोन पानांत चार बोटं अंतर असलेले धुमारे सोडतो. त्यांना फूल येत नाही. म्हणजे दर महिन्याचं खत हेच न फुलण्याचं अर्धं कारण. दुसरं अर्धं कारण सावली: किमान पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर पुढचं सगळं वाचूनही उपयोग नाही.

डिसेंबरपासून खत बंद. संक्रांतीच्या आसपास ताण द्यायला लागा: पाणी तोडायचं नाही, लांबवायचं. पानं किंचित मलूल झाली, दुपारी कडा झुकल्या, की अर्धा लिटर. असं दोन ते तीन आठवडे. जुनी पानं पिवळी पडून गळतील, उरलेली हाताने खुडा. खुडताना देठाच्या बगलेतला डोळा ओरबाडला जाऊ नये म्हणून पान वरच्या दिशेने नाही, खाली ओढूनही नाही, देठ दोन बोटांत धरून बाजूला मोडा. कोवळं किंवा नुकतंच कुंडीत बदललेलं झाड असेल तर ताण देऊ नका, फक्त छाटा.

जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीचा पहिला आठवडा, छाटणीचा दिवस. कात्री स्पिरिटने पुसा. वाळलेल्या, कातळासारख्या कडक झालेल्या जुन्या काड्या बुडातून काढा. उरलेल्या एक ते दीड फुटावर आणा, प्रत्येक काप पेराच्या थोडा वर. मधला भाग मोकळा दिसला पाहिजे. निम्मं झाड कापलं की छातीत धस्स होतं, पण शेंडे कुरतडल्यासारखी घाबरट छाटणी केली तर फुटही टोकापाशीच येते, खालचं झाड नागडं राहतं. मग वरची दोन इंच माती खरवडून काढा, मुळांचं जाळं दिसेल; तिथे दोन ओंजळी शेणखत किंवा गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड, चमचाभर बोनमील, वर नवी माती. त्या दिवशी पाणी भरपूर, खालून वाहीपर्यंत. ताणानंतरचं हे पहिलं पाणी झाडाला ऋतू बदलल्याचा निरोप देतं.

दहा-पंधरा दिवसांत प्रत्येक काडीवर जोडीजोडीने फूट दिसते. चाळीस-पन्नास दिवसांत तिच्या टोकाला कळ्या, साधारण तीन-तीनच्या गुच्छात. पाडव्याच्या आगेमागे पहिली ओंजळ. बहर संपला की फूल गळलेलं टोक खालच्या पानांच्या दोन जोड्यांसकट कापा, चार-पाच आठवड्यांत पुढचा बहर येतो. असे तीन-चार बहर पावसापर्यंत घेता येतात. दर बहरानंतर ओंजळभर गांडूळखत पुरे. युरिया, डीएपी यांचं नावही नको. पावसाळ्यातही हलकी फुलं येत राहतात, वास मात्र एप्रिलचाच.

हे सगळं करूनही कळी न उमलता जांभळट होऊन गळायला लागली तर ती कळीमाशीच्या अळीची करणी. अशा कळ्या रोज वेचा, कुंडीत टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. पानांवर सुईच्या टोकाएवढे फिके ठिपके आणि खालच्या बाजूला बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात तो हमखास येतो, विशेषतः भिंतीला चिकटून ठेवलेल्या कुंड्यांवर. आठवडाभर रोज सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारा, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम चालतं, पण ३२-३३ अंशांच्या वर पानं भाजतात, आणि निंबोळी तेल फवारल्यावर दोन आठवडे गंधक नाही. म्हणजे मेमध्ये गंधक नकोच.

उन्हाळ्यात जास्वंदीची कळी गळते आणि फांदीच्या बेचक्यात कापूस दिसतो. तो पिठ्या ढेकूण. त्याआधी मुंग्या बघा. खोडावर मुंग्यांची रांग वर-खाली चालू असेल तर त्या ढेकणांचा गोड चिकटा गोळा करतात, त्यांना राखतात, नव्या फांदीवर नेऊनही सोडतात. मुंग्यांची वाट न तोडता फवारणी करत राहणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं. कुंडी भिंतीपासून आणि दुसऱ्या कुंडीच्या पानांपासून सुटी करा, विटांवर ठेवा, विटा पाण्याच्या ताटलीत. कापूस जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, फार भरलेले शेंडे कापा. मग निंबोळी तेल: लिटरभर पाण्याला ५ मिली तेल आणि अर्धा चमचा भांडी घासायचा द्रवसाबण. आधी तेल आणि साबण थोड्या कोमट पाण्यात पांढरं होईपर्यंत फेटा, मग उरलेलं पाणी घाला. नुसतं तेल पाण्यात ओतलं तर ते वर तरंगतं. पहिली चार झाडं कोरडी राहतात आणि शेवटचं भाजतं. फवारणी संध्याकाळी, सात दिवसांच्या अंतराने तीनदा. एकदा मारून थांबलात तर अंड्यांतून पुढची पिढी हजर.

उन्हाळ्याचं बाकी काम सोपं आहे: मातीवर तीन बोटं जाड वाळका पालापाचोळा किंवा उसाचं पाचट, खोडापासून दोन बोटं लांब; कुंड्या एकमेकींजवळ; गच्चीवर ५० टक्क्यांची हिरवी जाळी, डोक्याच्या वर, झाडाला टेकणारी नको. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी नका घालू. माती ओली असेल तर सूर्य कलल्यावर ती आपोआप ताठ होतात. सकाळीही झुकलेली दिसली तरच काळजी.

पानं पिवळी पडण्याबद्दल मात्र नीट बघायला शिका, कारण इथे सगळे एकच औषध मारतात. खालची जुनी पानं सबंध पिवळी: नायट्रोजन कमी किंवा पाणी जास्त. वरची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या: लोह मिळत नाही. अनंत, गुलाब, लिंबू, एक्झोरा यांना पुण्यात हे फार होतं, कारण दख्खनच्या मातीत चुनखडी आणि बोअरच्या पाण्यात क्षार. लोह मातीत असतं, पण चुन्यापुढे ते मुळांना घेता येत नाही. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतोय का बघा, तोच पुरावा. अशा मातीत अंड्याची टरफलं घालणं म्हणजे आंधळ्याला डोळ्यावर पट्टी बांधणं, आणखी कॅल्शियमच. चहाचा चोथा चालतो, पण साखर-दूध पूर्ण धुऊन, वाळवून, मूठभरच. हिराकस (फेरस सल्फेट) दोन ग्रॅम आणि लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) एक ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं) घ्या, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून. ईडीटीएवालं स्वस्त असतं आणि चुनखडीच्या मातीत फार टिकत नाही. पावसाळ्यात पिंपभर पाऊसपाणी साठवून अनंताला दिलंत तर यातलं काहीच लागणार नाही.

पाऊस लागला की पहिलं काम कुंड्यांखालच्या ताटल्या काढण्याचं. भोकांतून काडी फिरवून बघा, मुळांनी बूच मारलेलं असतं. अ‍ॅडेनियम आणि कॅक्टस जूनमध्येच आडोशाला घ्या. अ‍ॅडेनियमचं बूड दाबून मऊ लागलं तर उशीर झाला. संततधारेत खत वाहून जातं, म्हणून उघडीप मिळाली की पंधरवड्याला ओंजळभर गांडूळखत. अर्धवट कुजलेलं शेणखत मात्र या दिवसांत कधीही घालू नका. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात आणि कच्च्या शेणात अंडी घालायला त्यांना आवडतं. ऑगस्टमध्ये हिरवंगार झाड एकदम मान टाकतं, हलवलं तर डुगडुगतं, उपटलं तर मुळंच नाहीत आणि मातीत तपकिरी डोक्याची, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी. अळ्या वेचा, माती उन्हात पसरा, झाडाच्या फांद्यांपासून नवी कलमं करा, ते झाड सोडून द्या. शंखी गोगलगायींना रात्री टॉर्च घेऊन वेचणं हाच खरा उपाय. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट कुंड्यांमध्ये संध्याकाळी पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या सापडतात. हाताला पिशवी घाला. वेचलेल्या गोगलगायी मारायला मीठ टाकायचं तर बादलीतल्या पाण्यात, कुंडीत नाही, आणि घरी कुत्रं-मांजर असेल तर गोगलगायीच्या विषारी गोळ्या आणूच नका.

कढीपत्ता आणि लिंबावर याच दिवसांत पानावर पक्ष्याची शिट पडल्यासारखं काहीतरी दिसेल. बोटाने ढकला, ते हलतं. ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून लाल दुबेळकं बाहेर काढते, त्याला उग्र वास असतो. लहान रोपाचं ती दोन दिवसांत खराट्यात रूपांतर करते, म्हणून वेचा. झाड पुरुषभर उंच असेल तर राहू द्या, पानं परत येतात.

पावसाळी फुलांत सोनटक्क्याला तोड नाही, पण त्याला चौदा-सोळा इंची पसरट कुंडी आणि सतत ओल लागते. थंडीत पानं वाळली की मेला समजून टाकू नका, गड्डे आत जिवंत असतात. मेपर्यंत अगदी थोडं पाणी द्या. तेरडा मृगात पेरला की गौरींपर्यंत फुलतो. रंग तीन दिवस म्हणतात, कुंडीतलं झाड दीड महिना टिकतं. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते खरं तर निवडुंगाच्या कुळातलं. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. आपल्या कुंडीतल्या ब्रह्मकमळाला पश्चिमेचं ऊन लागलं की पानं भाजून पिवळी होतात, आणि कळी धरल्यावर कुंडी फिरवली तर कळी गळू शकते, म्हणून कौतुकाने दिवाणखान्यात नेण्याचा मोह ती उमलायला लागण्याच्या संध्याकाळपर्यंत आवरा.

मोगऱ्याची रोपं वाढवायची असतील तर जुलै सोडू नका. छाट कलमापेक्षा दाब कलम सोपं: खालची लवचीक फांदी वाकवा, एका पेराखाली चिमूटभर साल खरवडा, शेजारच्या कुंडीत दोन इंच खाली पुरा, वर वीट ठेवा. माती ओली ठेवली तर दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. फांदी ओढून बघा, विरोध जाणवला तरच मातृझाडाकडून कापा, आणि कापल्यावर दोन आठवडे त्याच जागी राहू द्या. हस्त संपेपर्यंत ते रोप स्वतंत्र कुंडीत जायला तयार असतं. पहिल्या जानेवारीत त्याला ताण द्यायचा नाही.